ती गेली, आरसा राहिला: टँगोची गाणी कशी वाचायची

टँगो म्हटलं की डोळ्यांपुढे नाच येतो. पण ला प्लाता नदीच्या दोन काठांवरच्या ब्वेनोस आयरेस आणि मोन्तेविदेओ या शहरांत टँगो नाचला जातो तितकाच ऐकलाही जातो, आणि ऐकणाऱ्यांना शब्द पाठ असतात. त्या शब्दांत एकच माणूस पुन्हा पुन्हा भेटतो. त्याचं प्रेम हातातून गेलेलं असतं आणि त्याच्यापाशी एखादी खोली, एखादी गल्ली, एखादं बंद दार एवढंच उरलेलं असतं. त्या माणसाचं बोलणं नीट कळावं म्हणून काय करायचं ते इथे पायरीपायरीने सांगितलं आहे. स्पॅनिश येत नसलं तरी चालेल. वही, दोन रंगांची पेनं आणि गाण्याचे छापील शब्द एवढं हाताशी ठेवा. एका गाण्याला तासाभराच्या दोन बैठका धरा. सगळं एका दमात उरकू नका. दुसऱ्या दिवशी ऐकताना पहिल्या दिवशीचे शब्द ओळखीचे होऊन येतात.

थोडी पार्श्वभूमी आधी. १९१७ साली कार्लोस गार्देलने ‘मी नोचे त्रिस्ते’, म्हणजे ‘माझी उदास रात्र’, हे गाणं ध्वनिमुद्रित केलं. चाल सामुएल कास्त्रिओताची होती, शब्द पास्कुआल कोन्तुर्सीचे. त्याआधीच्या टँगोंनाही शब्द असत, पण ते बहुधा फुशारकीचे असत: मी कसा नाचतो, मला कोण घाबरतं, माझ्यावर किती बायका भाळतात. कोन्तुर्सीने तोच छाती काढून चालणारा गडी घेतला आणि त्याला रिकाम्या खोलीत आणून बसवलं. तिथून टँगोच्या गाण्याचा रस्ताच बदलला. तेव्हाच्या ब्वेनोस आयरेसमध्ये जवळपास निम्मे लोक परदेशात जन्मलेले होते. बहुतेक इटलीतून आणि स्पेनमधून आलेले, त्यातही एकटे पुरुष फार. निघून गेलेल्या बाईच्या गाण्यात या लोकांना मागे राहिलेलं गाव, आई, जुनी आळी असं बरंच काही ऐकू येत असलं पाहिजे.

पहिलं गाणं कोणतं घ्यावं

‘मी नोचे त्रिस्ते’ सर्वांत महत्त्वाचं असलं तरी सुरुवात त्यापासून करू नका, कारण त्यात गल्लीतले शब्द खच्चून भरले आहेत. आधी ‘नादा’, म्हणजे ‘काहीच नाही’, घ्या. हे १९४४ चं, शब्द ओरासियो सांगिनेत्तीचे, चाल होसे दामेसची. भाषा स्वच्छ आहे, वाक्यं आखूड आहेत आणि प्रसंग एकच: एक माणूस तिच्या घरापाशी येतो, दाराला कुलूप असतं. त्यानंतर गार्देल आणि आल्फ्रेदो ले पेरा यांचं १९३५ च्या चित्रपटातलं ‘बोल्बेर’ (परतणं). मग ‘मी नोचे त्रिस्ते’. चौथं ‘सुर’ (दक्षिण), ओमेरो मान्सीचे शब्द आणि आनिबाल त्रोइलोची चाल, १९४८. या क्रमाने गेलात तर प्रत्येक गाणं पुढच्यासाठी थोडी तयारी करून देतं. एन्रिके सान्तोस दिसेपोलोची गाणी आणि एक्स्पोसितो बंधूंचं ‘नारांखो एन फ्लोर’ नंतरसाठी ठेवा. त्यांत प्रतिमांवर प्रतिमा रचलेल्या आहेत. सवय नसताना अर्थ लावायला गेलं की नुसती कोडी उरतात.

कोणतं ध्वनिमुद्रण ऐकावं

इथे नवखे हमखास फसतात. नाचासाठीच्या वाद्यवृंदांनी वाजवलेल्या टँगोत पूर्ण गाणं नसतं. जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकडीवर एका बाजूला साधारण तीन मिनिटं मावत. त्यातला बराच वेळ वाद्यांना जाई, गायक उशिरा येई आणि अनेकदा दुसरं कडवं गळून जाई. १९२० च्या आणि ३० च्या दशकांतल्या पुष्कळ तबकड्यांवर तर गायक फक्त ध्रुवपद म्हणून थांबतो. त्याला ‘एस्त्रिबिशिस्ता’ म्हणत, म्हणजे ध्रुवपदापुरता गायक.

याने अर्थ बदलू शकतो. ‘नादा’च्या पहिल्या कडव्यात तो दारापाशी येतो. तो पश्चात्तापाने परत आला आहे, म्हणजे चूक त्याची होती, हे ध्रुवपदाच्या शेवटी कळतं. आणि तो तिथून निघून जातो, कुलपापाशी प्रार्थना करून, हे दुसऱ्या कडव्यात आहे. दुसरं कडवं कापलं की तो माणूस कायमचा उंबरठ्यावर उभा राहतो. तेही सुंदरच आहे, पण लिहिणाऱ्याने लिहिलेली गोष्ट ती नव्हे.

म्हणून अभ्यासाला गायकाभोवती बांधलेलं ध्वनिमुद्रण घ्या: गार्देलची गिटारच्या साथीची गाणी, ‘सुर’साठी त्रोइलोच्या वाद्यवृंदासोबत एद्मुन्दो रिबेरो. नाचाची आवृत्ती नंतर ऐका. ‘नादा’ची कार्लोस दी सार्लीच्या वाद्यवृंदाची, आल्बेर्तो पोदेस्ताने गायलेली, अवश्य ऐका. शब्दांसाठी ‘तोदो तांगो’ या संकेतस्थळावर कवी, संगीतकार आणि सालासकट मजकूर मिळतो. छापील शब्द आणि ऐकू येणारे शब्द यांत फरक सापडला तर घाबरू नका, गायक शब्द बदलत आले आहेत. फरक वहीत टिपून ठेवा.

ऐकत देवनागरीत लिहा

रोमन लिपीतले शब्द वाचत ऐकलंत तर इंग्रजी उच्चार मध्ये येतो. पहिलं कडवं देवनागरीत उतरवून घ्या. स्पॅनिशमधले त आणि द आपल्या त-द सारखेच दंत्य आहेत आणि स्वर पाचच: आ, ए, इ, ओ, उ. यामुळे मराठी माणसाचं काम सोपं होतं. नियम थोडे आहेत:

झेड आणि मऊ सी दोन्ही स: ‘कोरासोन’ (काळीज). व्ही आणि बी दोन्ही ब: ‘बोल्बेर’. एच मुका: ‘ओय’ (आज). जे हा घशातून घासत येणारा ख: ‘लेखोस’ (दूर). दोन एल आणि वाय यांचा ब्वेनोस आयरेसमधला आजचा उच्चार श: रस्ता म्हणजे ‘काशे’, मी म्हणजे ‘शो’, रडणं म्हणजे ‘शोरार’. जुन्या तबकड्यांवर हाच आवाज जरा घोष, य आणि झ यांच्या मधला ऐकू येतो.

आता अक्षरं मोजा. शेजारी आलेले दोन स्वर गाताना एकात मिसळतात आणि ओळ आघातयुक्त अक्षरावर संपली तर मोजणीत एक वाढवून धरतात. ‘मी नोचे त्रिस्ते’ची पहिली ओळ अशी पडते: पेर-कान-ता-के-मेआ-मु-रास-ते. आठ. पुढची ओळही आठ. आपल्या अष्टाक्षरीची चाल कानात असणाऱ्याला ही मोजणी दोन ओळींत जमते. ‘सुर’च्या कडव्यातल्या लांब ओळी अकराच्या आहेत, आणि म्हणूनच ते गाणं बोलल्यासारखं, श्वास सोडत चालल्यासारखं वाटतं. ओळीत एखादं अक्षर जास्त आलं तर बहुधा कुठे तरी दोन स्वर मिसळायचे राहिलेले असतात.

गोव्यात ज्यांच्या घरी पोर्तुगीज कानावर पडलेली आहे त्यांना अर्धे शब्द आपोआप लागतील. इतरांनाही मेज, पगार, बटाटा हे शब्द पोर्तुगीजांनी दिलेले आहेत; ‘मेसा’ आणि ‘पागार’ स्पॅनिशमध्येही आहेत. ‘ग्रिसेल’ या गाण्यात केलेल्या चुकांची किंमत मोजण्यासाठी जे क्रियापद येतं, ते आपल्या पगाराचंच.

क्रियापदांना रंग द्या

सगळ्या पायऱ्यांत ही सर्वांत मोलाची. इथे घाई केलीत तर बाकीचं सगळं वरवरचं राहील.

स्पॅनिशमध्ये दोन भूतकाळ आहेत. एक घडून संपलेल्या गोष्टीचा: ती गेली, त्याने सोडलं. त्याचे प्रत्यय आस्ते, ओ, इओ असे येतात. दुसरा चालू असलेल्या, पुन्हा पुन्हा होणाऱ्या गोष्टीचा: ती येई, बसे, आम्ही फिरायचो. त्याचे प्रत्यय आबा आणि ईआ. ‘असणे’ या क्रियापदाचं रूप ‘एरा’. हा दुसरा काळ आपल्याकडे अख्खा तयार आहे, त्याला रीतिभूतकाळ म्हणतात. हिंदीतून किंवा इंग्रजीतून टँगो वाचणाऱ्याला इथे जोडणी करावी लागते. मराठीत ‘येई’ लिहिलं की झालं.

एका रंगाने संपलेला भूतकाळ अधोरेखित करा, दुसऱ्याने रीतिभूतकाळ. वर्तमानकाळ तसाच सोडा. मग कागद हातभर लांब धरून फक्त रंग पाहा.

‘मी नोचे त्रिस्ते’मध्ये संपलेल्या भूतकाळाचं क्रियापद एकच निघतं: ‘आमुरास्ते’, म्हणजे ‘टाकून गेलीस’. पहिल्याच ओळीत. त्यानंतर दोन रीतिभूत रूपं येतात, तुझ्यावर माझा जीव होता आणि तू माझा आनंद होतीस. तिथून शेवटपर्यंत जवळजवळ सगळं वर्तमानात: खोलीत जातो, पसारा पाहतो, तसबिरीपुढे उभा राहतो, रात्री दार लावत नाही. तिच्या जाण्याला कोन्तुर्सीने एक क्रियापद दिलं आणि उरलेलं गाणं खोलीला दिलं. बाई का गेली, कुणाबरोबर गेली, भांडण झालं का, यातलं काही सांगितलेलं नाही. नवखे नेमकं तेच शोधत बसतात आणि गाण्यात कथानक नाही अशी तक्रार करतात.

‘बोल्बेर’मध्ये वेगळीच युक्ती आहे. कडव्यांत माणूस आहे, काळ आहे: दूरवर लुकलुकणारे दिवे, जुना रस्ता, उदासीनपणे बघणारे तारे, आणि भूतकाळ समोर येईल याची भीती. ध्रुवपद आलं की क्रियापदांतून माणूस आणि काळ दोन्ही निघून जातात. परतणं. वाटणं. जगणं. नुसती मूळ रूपं. मराठीत हे जसंच्या तसं उतरतं, कारण आपलीही ‘णं’ची रूपं अशीच बिनकर्त्याची असतात. इथे ‘मी परतलो’ असं भाषांतर केलंत तर ध्रुवपद मोडलं. तो परतला आहे की वाटेत आहे की नुसता मनात परततो आहे, हे मोकळं ठेवलेलं आहे. वीस वर्षं म्हणजे काहीच नाही, हे म्हणणं त्या मोकळ्या जागेतच शोभतं. चित्रपटानंतर काही महिन्यांतच, २४ जून १९३५ ला, गार्देल आणि ले पेरा दोघेही मेदेयीनच्या विमान अपघातात गेले. परतण्याचं हे गाणं लोकांना त्या बातमीशिवाय ऐकता येत नाही.

‘सुर’चं पहिलं कडवं रंगवायला घ्याल तर पेन जवळजवळ कोरडंच राहील. मुख्य क्रियापदच नाही. सान हुआन आणि बोएदो या रस्त्यांचा कोपरा, सगळं आकाश, पोम्पेया, त्यापलीकडे पुराचं पाणी, तुझे केस, तुझं नाव, लोहाराचा कोपरा, चिखल, तुझं घर, फरसबंदी, नाला, रानगवताचा वास. नावं नुसती मांडत नेली आहेत. मनात एखादी आळी उभी राहते ती अशीच, आधी कोपरा मग घर. मराठीत लिहिताना ‘होता-होती-होतं’ घालण्याचा मोह आवरा. आपली भाषा ‘आहे’ गाळून चालते, तो फायदा इथे वापरा. मग ध्रुवपदात भविष्यकाळ येतो, तोही नकारासकट: यापुढे मी तुला तसा कधीच दिसणार नाही, दुकानाच्या काचेला टेकून तुझी वाट बघणारा. गेलेल्या गोष्टीबद्दल भविष्यकाळात बोलणं हा मान्सीचा सर्वांत धारदार घाव आहे. शेवटी, सगळं मेलं आहे, ठाऊक आहे मला.

याच ध्रुवपदात ‘बिएरास’ असं एक रूप आहे. भाषांतराची यंत्रं त्याला ‘तू पाहिलंस तर’ करून टाकतात, कारण आजच्या स्पॅनिशमध्ये ते संकेतार्थी रूप आहे. इथे ते जुन्या साहित्यिक वापरातलं साधं भूतकाळी आहे: ‘तू पाहायचीस तसा’. उलट ‘मी नोचे त्रिस्ते’मधलं तेच रूप खरोखर संकेतार्थी आहे: पलंगाकडे बघशील तर तुला दिसेल, आपण दोघं नाही म्हणून तो कसा चिडतो. एकच रूप, दोन अर्थ. वाक्यात ‘सि’ (जर) आहे का ते बघितलं की उलगडा होतो.

एक छोटा सराव. ‘ला कुम्पार्सिता’ची चाल मोन्तेविदेओच्या खेरार्दो मातोस रोद्रिगेसची. तिला १९२४ साली कोन्तुर्सी आणि एन्रिके मारोनी यांनी शब्द दिले, ‘सि सुपिएरास’, म्हणजे ‘तुला ठाऊक असतं तर’. त्यात एक कुत्रं आहे. ती गेल्यावर ते काही खाईना, आणि परवा याला एकटा पाहून तेही सोडून गेलं. ‘खाईना’ रीतिभूत, ‘गेलं’ संपलेलं. दोन्ही ‘खाल्लं नाही, गेलं’ असं सपाट केलं तर कुत्र्याचे ते सगळे उपाशी दिवस एका वाक्यात नाहीसे होतात.

वस्तूंचा पंचनामा

पुढच्या बैठकीत वहीत तीन रकाने आखा. पहिल्यात वस्तू, दुसऱ्यात ती आत्ता कशी आहे, तिसऱ्यात ती असताना कशी होती. ‘मी नोचे त्रिस्ते’चा पंचनामा असा भरतो: तसबीर, एकाच रंगाच्या फिती बांधलेल्या इवल्या बाटल्या (आता नाहीत), धुरकटलेला आरसा, उघडं दार, बिस्किटं, माते, चिडलेला पलंग, कपाटात टांगलेली गिटार, उजळायला तयार नसलेला दिवा. नऊ वस्तू. आता शोधा, बाईचे डोळे कसे आहेत? केस? नाव? काहीही नाही. ती फक्त वस्तूंच्या नसण्यातून आणि बिघडण्यातून दिसते.

तिसरा रकाना बहुतेक कोराच असेल. तो तुम्ही भरायचा, पण गाण्यातल्या पुराव्यावरूनच. बाटल्यांना फिती कोणी बांधल्या? तिने. दार उघडं का? ती परत येईल असं स्वतःला वाटू द्यायला. माते काय असतं हे माहीत नसेल तर इथे अडायला होतं. सुक्या पानांवर गरम पाणी ओतून, एका भोपळ्यासारख्या लहान भांड्यातून धातूच्या नळीने ओढायचं हे पेय. एक जण भरून देतो, दुसरा पितो, भांडं परत येतं. तो माणूस अजूनही बिस्किटं घरी आणतो, जणू ती आहेच. भांडं परत द्यायला मात्र समोर कुणी नाही. मराठीत याला ‘चहा’ करून टाकू नका. ‘माते’च ठेवा आणि पहिल्यांदा येईल तिथे एक वाक्य खर्च करा.

आरसा रडल्यासारखा, पलंग चिडलेला, दिव्याने नकार दिलेला: शाळेत शिकलेली चेतनगुणोक्ती. पण कोण माणसासारखं वागतंय याची यादी केलीत तर लक्षात येईल की सगळ्या भावना वस्तूंना वाटून टाकल्या आहेत आणि माणसाकडे फक्त कृती उरल्या आहेत. रडावंसं वाटतं असं तो एकदा म्हणतो. रडतो तो आरसा.

लघुत्वदर्शक रूपांवरही खूण करा. शब्दाला ‘इतो’ किंवा ‘इता’ लागलं की वस्तू लहान होते आणि जवळची होते. पेरितो, कुआर्तितो, कामिनितो. आपण डब्याची डबी करतो तेव्हा फक्त आकार घटतो, इथे माया वाढते. प्रत्येक वेळी ‘छोटासा’ लिहिलंत तर वाचणाऱ्याला कंटाळा येईल. एका कडव्यात एकदाच ‘इवला’ किंवा ‘चिमुकला’ वापरा, बाकीचं वाक्याच्या सुरावर सोडा.

‘सुर’साठी पंचनाम्याच्या जागी नकाशा लागतो. ब्वेनोस आयरेसचा नकाशा उघडून सान हुआन आणि बोएदो यांचा चौक शोधा, तिथे आज मान्सीच्या नावाचं कॅफे आहे. मग दक्षिणेला पोम्पेया, आणि त्याहून खाली रिआचुएलो नदी, जिला पूर येई. कडव्यातल्या ओळी त्याच वाटेने खाली उतरत जातात. या शहरात दक्षिण म्हणजे सखल, गरीब, कामकऱ्यांची बाजू. मराठी वाचकाला ‘दक्षिण’ या शब्दातून यातलं काही ऐकू येत नाही, म्हणून शीर्षक ‘सुर’ असंच राहू द्या.

गल्लीची बोली

लुनफार्दो ही ब्वेनोस आयरेसची गल्लीबोली. इटालियन बोलींतून, बंदरातून, तुरुंगातून शब्द आलेले. सामान्य स्पॅनिश कोशात ते सापडत नाहीत, किंवा चुकीचे सापडतात. ‘मिना’ म्हणजे बाई. कोश ‘खाण’ म्हणेल. ‘काब्रेरा’ म्हणजे चिडलेली. यंत्र त्याला आडनाव समजेल. ‘पेर्कान्ता’ बाई, ‘आमुरार’ टाकून जाणे, ‘बुलिन’ आणि ‘कोतोर्रो’ एकट्याची खोली, ‘कात्रेरा’ पलंग, ‘काम्पानेआर’ निरखणे, ‘कुर्दा’ दारूची नशा. ‘ला बिएखा’ हे शब्दशः म्हातारी, पण गाण्यात जवळजवळ नेहमी आई. हा एक चुकला तर सबंध कडव्याचा अर्थ उलटतो. काही शब्द अक्षरं फिरवून केलेले असतात, टँगोचं ‘गोतान’ होतं. आपल्या मुलांच्या ‘च’च्या भाषेचं थोरलं भावंड म्हणा.

वीस-पंचवीस शब्दांची स्वतःची यादी केलीत की १९२० च्या दशकातली गाणी उघडायला लागतात. आणि साल बघत जा: १९४३ नंतर काही वर्षं लष्करी सरकारच्या काळात रेडिओवर लुनफार्दोला आणि दारूच्या उल्लेखांना मनाई होती, म्हणून शब्द आणि शीर्षकं बदलली गेली. एन्रिके कादीकामोच्या ‘लोस मारेआदोस’ला, म्हणजे ‘झिंगलेले’ला, ‘माझ्या भूतकाळात’ असं नाव द्यावं लागलं. ते नाव गाण्यातल्याच एका ओळीवरून आलं. दोघं शेवटची रात्र एकत्र पीत बसली आहेत आणि तो म्हणतो की आज तू माझ्या भूतकाळात शिरणार आहेस. समोर बसलेल्या माणसाची आठवण होत असताना बघणं, याहून उघड ते कुठे सांगितलेलं नाही.

कोण बोलतंय, कुणाशी

स्पॅनिश क्रियापदाला लिंग नसतं. मराठीत ‘जातो’ की ‘जाते’ हे पहिल्या वाक्यालाच ठरवावं लागतं, आणि टँगोत ते नेहमी सोपं नसतं. शब्द बहुधा पुरुषाचे, पण आसुसेना मायसानी, मेर्सेदेस सिमोने यांच्यासारख्या मोठ्या गायिकांनी गायलेले. मायसानी रंगमंचावर पुरुषी वेशातही उभी राही. नियम असा ठेवा: विशेषणांचे प्रत्यय बघा (‘ओ’ पुरुष, ‘आ’ स्त्री), ते सांगतील ते लिंग घ्या, गाणारं कोण आहे ते बघू नका.

‘तू’साठी दोन शब्द आहेत, ‘बोस’ आणि ‘तु’. ‘बोस’ हा त्या शहराचा रोजचा, ‘तु’ कवितेतला. मराठीत दोन्ही ‘तू’च, म्हणून फरक भाषेच्या पोतात आणा. ‘बोस’ असेल तिथे ‘यायचीस, बसायचीस’. ‘तु’ असेल तिथे ‘येत असस, बसत असस’ किंवा तिसऱ्या पुरुषात ‘येई, बसे’ चालेल. एकाच गाण्यात दोन्हींची सरमिसळ नको.

दोष कुणाचा हेही इथेच तपासा. टँगोत नेहमी बाईच दगा देते हा समज अर्धाच खरा आहे. पास्कुआलचा मुलगा होसे मारिया कोन्तुर्सी याच्या ‘ग्रिसेल’मध्ये (१९४२, चाल मारियानो मोरेसची) बोलणारा स्वतःला गुन्हेगार ठरवतो. ती खरी बाई होती, आणि बऱ्याच वर्षांनी, १९६७ मध्ये, त्यांचं लग्नही झालं. गाणं मात्र त्याच्या पश्चात्तापापाशीच थांबलेलं आहे.

मराठीत गद्य अर्थ लिहिताना

आधी गद्य. यमक जुळवायला बसलात की काळ आणि वस्तू दोन्ही हातचे जातात. ओळीला ओळ ठेवा, सुटं सुटं लिहा.

‘आल्मा’ला आत्मा करू नका. आपल्याकडे आत्मा अमर आहे, निर्लेप आहे. टँगोतला आल्मा जखमी होतो, थंडीने गारठतो. ‘जीव’ लिहा. ‘कोरासोन’ला काळीज किंवा मन, हृदय शक्यतो नको. ‘इलुसियोन’ म्हणजे भ्रम नव्हे, आस. ‘ओल्बिदो’ म्हणजे विसर, पण तो कर्ता म्हणून येतो; ‘बोल्बेर’मध्ये तो सगळं उद्ध्वस्त करतो आणि जुनी आस मारतो. ‘मी विसरलो’ असं लिहिलं की त्याची ताकद गेली. ‘विसराने मारलं’ जरा खडबडीत वाटलं तरी तसंच ठेवा.

पावसाचं विशेष सांभाळा. आपला पाऊस भेटीचा, माहेरचा, मातीच्या वासाचा. त्यांची ‘गारुआ’ म्हणजे गार रात्रीची बारीक, चिवट झिमझिम. फुटपाथवर एकटा माणूस आणि अंगात शिरणारा गारठा. नुसतं ‘पाऊस पडतोय’ म्हटलं तर मराठी वाचक आनंदून जाईल. ‘गार झिमझिम’ म्हणा आणि थंडीचा उल्लेख त्याच ओळीत आणा. ऋतूही उलटे आहेत, जुलै म्हणजे तिथला हिवाळा.

लिहून झालं की दोन दिवस वही मिटून ठेवा. मग तुमचा गद्य अर्थ टँगोची काहीच माहिती नसलेल्या कुणाला तरी वाचायला द्या आणि तीन प्रश्न विचारा: बोलणारा आत्ता कुठे उभा आहे? गेलेल्या माणसाबद्दल नेमकं काय कळलं? कोणती वस्तू लक्षात राहिली? पहिल्याचं उत्तर आलं नाही तर क्रियापदांचे काळ पुन्हा तपासा. दुसऱ्याचं उत्तर फार लांबलं तर गाण्यात नसलेलं काहीतरी तुम्ही घातलं आहे, ते शोधून काढा. तिसऱ्याला कुणी ‘कुलूप’ किंवा ‘आरसा’ म्हणालं तर पुढचं गाणं घ्या, आणि त्याआधी झालेलं गाणं नाचाच्या आवृत्तीत एकदा ऐका, कोणतं कडवं कापलंय ते टिपत.